परळ-लालबाग : वाटा आणि खुणा

जुन्या वस्तीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे किल्ला, वाडा, देऊळ आणि तळे यांपासून आरंभ करावा, अशी आपल्याकडे चाल आहे. ही चाल वाईट नाही. परंतु मुंबईतील परळ-लालबाग या भागाचा इतिहास त्या रीतीने सांगू लागलो तर तो निम्म्यावरच संपतो. कारण येथे ज्यांचे वाडे होते ते केव्हाच निघून गेले. आणि जे राहिले त्यांच्या नावावर वाडा सोडाच, पुष्कळांच्या नावावर राहती खोलीदेखील नव्हती. अशा माणसांच्या खुणा शोधावयाच्या तर शोधण्याची रीत थोडी बदलावी लागते.

आम्ही पेशाने इतिहासकार नव्हे. कामगारांची संघटना बांधणे हा आमचा उद्योग. या उद्योगात हस्तपत्रके छापावी लागतात, आणि प्रत्येक पत्रकावर तारीख, वेळ व वक्ते यांच्याबरोबर 'ठिकाण' अशी एक ओळ असते. ती ओळ फार विचार करून लिहावी लागते. पाळी सुटल्यावर माणसे पायी येऊ शकतील, बायकांना परत जाताना उशीर होणार नाही, दुकानदार तक्रार करणार नाहीत, अशा जागा कोणत्याही वस्तीत मोजक्याच असतात. परळ-लालबागेत त्याच जागा लोक पिढ्यान् पिढ्या वापरीत आले. त्या जागांचा एक नकाशा तयार होतो, आणि तो नगरपालिकेच्या नकाशाहून बराच निराळा असतो. हे दोन नकाशे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावांकडे पाहू. परळ हे मुंबईच्या सात बेटांपैकी एका बेटाचे नाव. कोणी ते पाडळीच्या झाडावरून आले म्हणतात, कोणी परळी वैजनाथाशी त्याचा संबंध जोडतात. चिंचपोकळी म्हणजे चिंचांची पोकळी, चिंचेच्या झाडांचा सखल भाग. पोयबावडी या नावात पाण्याची विहीर आहे. लालबाग आणि सुपारीबाग या नावांत बागा आहेत. तात्पर्य, ही सारी नावे झाडांची आणि पाण्याची आहेत. गिरणीचे धुराडे ज्याच्या नावात आहे असा एकही जुना मोहल्ला येथे नाही. गिरणी येण्यापूर्वी लोक येथे राहत होते, शेते कसत होते, मासे मारीत होते, आणि नावे त्यांनी ठेविली होती.

हे लोक किती जुने, याची साक्ष 1931 साली जमिनीतून वर आली. परळहून शिवडीकडे जाणारा रस्ता बांधताना खोदकामात एक प्रचंड शिळा लागली. सुमारे बारा फूट उंचीच्या त्या पांढरट दगडात शिवाच्या सात आकृती कोरलेल्या आहेत. मधली आकृती खाली उभी. तिच्यातून दुसरी वर निघालेली, दुसरीतून तिसरी. आणि दोन्ही बाजूंनी आणखी आकृती झाडाला फांद्या फुटाव्यात तशा फुटलेल्या. पायाशी वाद्ये वाजविणारे गण आहेत. जाणकार तिचा काळ सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या काळाजवळचा. ही शिळा आज परळच्या बारादेवी मंदिरात आहे आणि तेथे तिची पूजा होते. मुंबईचा इतिहास इंग्रजांपासून सुरू होतो असे समजणाऱ्याने एकदा जाऊन हे दर्शन घ्यावे.

आता वाड्याकडे वळू. परळला पोर्तुगीज अमदानीत जेझुइट पाद्र्यांचा मठ व प्रार्थनामंदिर होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी ती मालमत्ता ताब्यात घेतली, आणि 1771 पासून विल्यम हॉर्नबी या गव्हर्नराने तेथे मुक्काम केला. पाद्र्यांच्या प्रार्थनेची जागा मेजवानीची आणि नाचाची झाली. गोविंद नारायण माडगावकरांनी 1863 साली 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध केले, तेव्हा परळ म्हणजे लाटसाहेबांचे परळ होते. कोटातून निघून भायखळ्यावरून परळला येणारा रस्ता 'परळ रोड' म्हणून ओळखला जाई. त्यावरून लाटसाहेबांच्या गाड्या धावत, आणि त्याच्या कडेने पारशी शेठांचे बंगले व बागा होत्या.

मग हा थाट मोडला कशाने? उत्तर सोपे आहे. कोटात आणि जुन्या शहरात जागा उरली नव्हती. हॉर्नबीच्याच काळात महालक्ष्मीजवळची खाडी बांध घालून अडविल्यामुळे मधली दलदल हळूहळू कोरडी होत आली होती, आणि तेथे जमीन स्वस्त मिळे. 1853 साली आगगाडी आली. 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापसाच्या गिरणीची कंपनी काढली व 1856 साली ती गिरणी चालू झाली. वाफेच्या यंत्राला पाणी लागते, कोळसा लागतो आणि माल हलविण्यास रेल्वे लागते. या तिन्ही गोष्टींची सोय ताडदेवपासून चिंचपोकळी, लालबाग, परळपर्यंत होती. 1865 साली शहरात दहा गिरण्या होत्या, शतक संपता संपता त्या ऐंशीच्या आसपास गेल्या. शिवाय रेल्वेचे मोठे कारखाने याच भागात उभे राहिले. बागांच्या जागी धुराडी आली आणि लाटसाहेबांच्या बंगल्यावर काजळी धरू लागली.

1882 साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीस याच बंगल्यात पटकीने मृत्यू आला. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडले व मलबार हिलच्या टोकाशी समुद्राच्या वाऱ्यात बिऱ्हाड केले. ज्यांना उठून जाता येत होते ते गेले. चाळीतल्या माणसाला मात्र पटकी आली म्हणून मलबार हिलवर जाता येत नव्हते. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून जानेवारी 1897 मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1899 साली त्याची प्रयोगशाळा परळच्या या रिकाम्या राजवाड्यात आली, आणि 1925 साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. मठ, राजवाडा आणि प्रयोगशाळा अशी तीन स्थित्यंतरे पाहिलेली ही वास्तू परळच्या नकाशावर ठळक आहे व असावीही. पुढे 1926 साली राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय आणि 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय याच परिसरात झाले. राजे एडवर्ड रुग्णालयाला जोडलेल्या गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीत एक अट होती, ती म्हणजे शिक्षक हिंदी माणसेच नेमावीत. साऱ्या महाराष्ट्रातून रोगी आज परळला येतात. ही परंपरा रोगराईच्या त्या दिवसांत रुजलेली आहे.

येथवर पहिला नकाशा झाला. आता दुसरा उघडू.

गिरणीत काम करणारा माणूस आला कोठून? बहुतांशी रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजोबा किंवा पणजोबा 'मुंबईला गिरणीत होते' ही ओळ अजून सांगितली जाते. गावचा माणूस गावच्या माणसाकडे उतरे. एका गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली गावकीची खोली असे. दहा बाय दहाच्या त्या खोलीत एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागी वळकट्या पसरीत. कामावर घेणे हे मुकादमाच्या हाती. त्याला दस्तुरी द्यावी लागे. ज्याला कायमची नोकरी नाही तो 'बदली'. तो पहाटे भोंगा होण्यापूर्वी गिरणीच्या फाटकाशी उभा राही. कोणी गैरहजर असला तर त्या दिवसाचे काम मिळे, नसला तर परत. म्हणून गिरणीचे फाटक ही दुसऱ्या नकाशावरची पहिली खूण होय. तेथे माणसाला रोज आपली किंमत कळत असे.

दुसरी खूण सुपारीबाग. आज परळच्या गर्दीत ही बाग शोधून सापडणार नाही. 23 सप्टेंबर 1884 रोजी येथे गिरणी कामगारांची सभा भरली. ती भरविणारे गृहस्थ नारायण मेघाजी लोखंडे. 1848 साली ठाण्यात जन्मलेले लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्यांनी बाँबे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि सरकारच्या कारखाना कमिशनपुढे सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज ठेविला. मागण्या वाचून आज कोणासही नवल वाटेल, इतक्या त्या साध्या आहेत. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पगार चालावा. याहून अधिक काही नाही.

सहा वर्षे ही खटपट चालली. 24 एप्रिल 1890 रोजी दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. मराठी कामकरी स्त्रीने हजारोंच्या सभेत उभे राहून बोलावे, ही 1890 सालची गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवावे. 10 जून 1890 रोजी रविवारची सुटी जाहीर झाली. पुढे 1897 साली प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता लोखंडे स्वतः प्लेगने गेले. ज्या साथीने हाफकिनला परळच्या राजवाड्यात आणले, त्याच साथीने लोखंड्यांना नेले. एकाची स्मृती वास्तूच्या कमानीवर राहिली. दुसऱ्याचे नाव बऱ्याच उशिराने परळच्या महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेस देण्यात आले, आणि 2005 साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. मात्र ज्या बागेत ती सभा झाली तिचे नाव आज बहुतेकांस केवळ पत्त्यापुरते ठाऊक आहे.

विजेचे दिवे आले तशी सूर्यास्ताची मर्यादाही गेली आणि चौदा-चौदा तास काम चालू लागले. 1911 च्या कायद्याने पुरुषांचा दिवस बारा तासांवर आला, 1922 च्या कायद्याने अकरावर, 1934 च्या कायद्याने दहावर आणि 1948 च्या कायद्याने नवावर. कायद्याच्या पुस्तकात ही चार वर्षे चार ओळींत येतात. परळच्या रस्त्यावर त्या ओळींच्या मध्ये पुष्कळ काही घडले. जुलै 1908 मध्ये लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद ठेविल्या आणि रस्त्यात गोळ्या झेलल्या. पोटाचा प्रश्न नसताना केलेला तो संप होता. एप्रिल ते ऑक्टोबर 1928 हा सहा महिन्यांचा संप झाला. त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही नावे चाळीचाळीत पोहोचली. मार्च 1929 मध्ये त्यांना धरून मीरतच्या खटल्यात गोविले गेले. त्या वेळी युनियनचे काम उचलणाऱ्यांत पार्वतीबाई भोर आणि उषाताई डांगे होत्या. परळ नाक्यावरचा लाल बावटा तो हाच.

तिसरी खूण दामोदर हॉल. ना. म. जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये, सहकारी पतपेढ्या असे तिचे काम. लीगने 1922 साली परळला दामोदर ठाकरसी हॉल उभारला. या एका सभागृहात किती गोष्टी झाल्या पाहा. 9 मार्च 1924 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे सभा घेतली आणि त्यातून जुलै महिन्यात बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मास आली. याच हॉलमध्ये त्यांची कचेरी होती. कामगारांची नाटके, कोकणातले नमन आणि दशावतार यांचे प्रयोग येथे वर्षानुवर्षे झाले. गिरणीतून सुटून, हात धुऊन, तोंडाला रंग लावून राजाचे काम करणारा साचेवाला येथे टाळ्या घेई. शंभर वर्षे पुरी झाली आणि 2023 मध्ये पुनर्बांधणीसाठी हे नाट्यगृह बंद करण्यात आले. तेथे पुन्हा नाट्यगृहच व्हावे म्हणून रंगकर्मी आणि रहिवासी रस्त्यावर आले. हे भांडण चार भिंतींसाठी असले तर ते लहान म्हणता येईल. पण परळच्या माणसाला भाड्याची चिंता न करता उभे राहून बोलता येईल अशी छपराखालची जागा दुसरी कोणती उरली, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

आंबेडकरांचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कामगार चळवळीचा इतिहास लिहिणारे पुष्कळदा ती पटकन उरकतात. गिरणीत सारे कामगार एका रांगेत नव्हते. कताई खात्यात अस्पृश्य मानलेल्यांना काम मिळे. साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मिळत नसे. तेथे पगार अधिक होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि त्या निमित्ताने विटाळ पुढे केला जाई. 1928 च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. मालकाविरुद्ध एकजूट मागणाऱ्याने ताटातला आणि साच्यावरचा भेद आधी मिटवावा, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्या सवालाचे उत्तर चळवळीने पुरते दिले असे आम्हांस म्हणता येत नाही.

याच आंबेडकरांचे बिऱ्हाड पोयबावडीच्या चाळीत होते. प्लेगनंतर 1898 साली सरकारने शहर सुधारणा ट्रस्ट नेमला आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यांतल्या दोन खोल्यांत हे कुटुंब राहिले. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेला हा गृहस्थ 1934 च्या सुमारास दादरच्या 'राजगृहा'त जाईपर्यंत तेथेच राहून अभ्यास करीत होता. लाटसाहेबांच्या गाड्या ज्यावरून धावत तो परळ रोड आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोड आहे. पाट्यांच्या इतिहासात एवढा मोठा पालट दुसरा नसेल. पण त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यास पोयबावडीची चाळ कोठे आहे हे विचारून पाहावे.

चौथी खूण कामगार मैदान. 7 नोव्हेंबर 1938 रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. संपाचा हक्क आवळणारे ते विधेयक होते. संध्याकाळी या मैदानावर आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि डांग्यांचे कम्युनिस्ट एका व्यासपीठावर बसले. दहा वर्षांपूर्वीचा तो सवाल मिटला नव्हता. तरीही ते एकत्र बसले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हेच रस्ते आणि हीच मैदाने गजबजली, अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचे आवाज येथे घुमले, आणि त्या लढ्याच्या हुतात्म्यांत कामगार कितीतरी होते.

सभा आणि संप म्हणजे वस्ती नव्हे, हे आम्ही जाणतो. माणूस जेवतो कोठे, हसतो कोठे, याच्याही खुणा असतात. एकट्या आलेल्या गडीमाणसांना जेवू घालणाऱ्या खाणावळी घरोघर होत्या, आणि त्या चालविणाऱ्या बहुतेक बायका होत्या. पगार झाला की पैसे, संप झाला की उधार. 1974 चा संप 42 दिवस चालला, तेव्हा या बायकांनी उधारीवर जेवण घातले आणि स्वतः सावकाराच्या कर्जात गेल्या. त्यातूनच 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खाणावळवालीला बँकेचा दरवाजा उघडून दिला. आमच्या मते गिरणी संपांच्या इतिहासात पुढाऱ्यांच्या शेजारी या बायकांचे पान असले पाहिजे. भाषणाने संप सुरू होतो खरा, पण तो किती दिवस टिकतो हे चुलीवर ठरते.

लालबागेत तमाशाचे हनुमान थिएटर होते, ते गेले. मराठी बोलपटांचे 'भारतमाता' तर गिरणीच्या शेजारचेच. गणेश गल्लीचा सार्वजनिक उत्सव 1928 चा, म्हणजे मोठ्या संपाच्या वर्षाचा. बाजार उठविला गेला असता कोळी आणि भाजीवाले यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला, जागा मिळाली, आणि 1934 साली लालबागच्या बाजारात गणपती बसला. आज लाखो लोक रांगेत उभे राहतात त्या 'लालबागच्या राजा'ची मूळ कथा अशी रोजगाराच्या जागेची आहे. मिरची गल्लीत मात्र अजून डंख्याचा ठसका लागतो आणि उन्हाळ्यात मसाल्यासाठी घराघरांतून लोक येतात. ती गल्ली पाहून वाटते की जी जागा रोजच्या उपयोगाची राहते ती टिकते.

यापुढील भाग थोडक्यात सांगतो, कारण तो आपणांपैकी अनेकांनी पाहिला आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार आणि साठ गिरण्या त्यात होत्या. त्या संपाची समाप्ती कोणी जाहीर केली नाही. माणसे हळूहळू गावी गेली, भाजी विकू लागली, रखवाली करू लागली. संप का फसला यावर आमच्यातच मतभेद आहेत आणि त्यांना येथे स्थळ नाही. परंतु गिरणी बंद पडल्यावर काय उरले हे सर्वांस दिसते. उरली ती सुमारे सहाशे एकर जमीन. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने ती विकावयाची झाल्यास तीन वाटे ठरविले: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकासाठी. 2001 साली नियम बदलून ही वाटणी फक्त मोकळ्या तुकड्यांपुरती ठेवण्यात आली, म्हणजे गिरणीची इमारत जेथे उभी होती ती जागा हिशेबातून वगळली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2006 साली निकाल दुरुस्तीच्या बाजूने लागला. शहराला मिळावयाच्या बागा आणि घरे त्या एका दुरुस्तीने आकसली. 2012 साली कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. अर्जदार दीड लाखांवर, आणि घरे त्याच्या एका लहान भागास पुरतील इतकी.

मनोरे उभे राहिले, पण त्यांत कामास येणाऱ्यांच्या वाटा जुन्याच राहिल्या. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन 23 जीव गेले. वस्ती, काम आणि वाट यांचा हिशेब एकत्र न मांडल्याचा तो परिणाम होता. 2018 साली त्या स्टेशनाचे नाव प्रभादेवी झाले.

येथे नावांचा मुद्दा पुन्हा येतो. एल्फिन्स्टन, आर्थर, रे ही गव्हर्नरांची नावे. करी हा रेल्वेचा अधिकारी. त्यांतील पुष्कळ पाट्या बदलल्या. डिलाईल रोडला ना. म. जोशी मार्ग म्हणतात, आर्थर रोडला साने गुरुजी मार्ग, तुळशी तलावाच्या नळावरून ओळखल्या जाणाऱ्या तुळशी पाइप रोडला सेनापती बापट मार्ग. हा बदल योग्यच झाला. परंतु पाटी नुसते नाव सांगते, काम सांगत नाही. ना. म. जोशी मार्गाने दोन्ही बाजूंच्या काचेच्या इमारतींत रोज हजारो तरुण कामास जातात. या गृहस्थाने त्यांच्या कामाचे तास मोजण्यासाठी जन्म घालविला, हे त्यांना त्या पाटीवरून कसे कळावे?

हा केवळ गतकाळाचा जिव्हाळा नव्हे. आज आमचे काम ज्यांच्यात चालते त्यांत याच इमारतींचे रखवालदार आणि सफाईवाले आहेत. त्यांतले पुष्कळ जण बारा तास उभे असतात आणि आठवड्याची सुटी घेतली तर त्या दिवसाचा पगार कापला जातो. सुटी मागणे म्हणजे काहीतरी अगाऊपणा आहे, अशी त्यांची समजूत करून दिलेली असते. अशा माणसाला आम्ही जेव्हा सांगतो की, 'बाबा, तू जेथे उभा आहेस तेथून चालत जाण्याइतक्या अंतरावर 1884 साली लोकांनी हीच मागणी केली होती आणि सहा वर्षांनी ती मिळविली होती,' तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा संकोच जातो. इतिहासाचा याहून मोठा उपयोग आम्हांस ठाऊक नाही. पण असे सांगताना बोट दाखवावयास जागा लागते, आणि ती जागा दिवसेंदिवस कमी होत आहे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. काळाचौकीच्या बंद गिरणीच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याची योजना पालिकेने हाती घेतली आहे. ती पुरी व्हावी, आणि तीत यंत्राबरोबर वळकटी, खाणावळीची वही आणि बदलीचा पास यांनाही जागा असावी. परंतु सारे संग्रहालयावर सोपवू नये. सुपारीबागेत एक दगड बसवावा आणि त्यावर 1884 च्या पाच मागण्या कोराव्यात. कामगार मैदानाच्या फाटकावर 7 नोव्हेंबर 1938 ही तारीख लिहावी. पोयबावडीची वाट दाखविणारा फलक आंबेडकर रोडवर लावावा. दामोदर हॉलच्या जागी जे काही उभे राहील त्यात सभागृह असावे आणि त्याचे भाडे परळच्या भजनी मंडळाला परवडावे. यास मोठा निधी लागत नाही. नागरिकांनी मनावर घेतले तर एका पावसाळ्याच्या आत होईल.

आणि ज्यांचे घर परळपासून दूर आहे त्यांनीही आपल्या घरातील वृद्धांस विचारावे की आजोबा कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात होते, कोणत्या चाळीत उतरत होते आणि कोणाच्या खाणावळीत जेवत होते. उत्तर मिळेल ते नावगावासह, सालासह एका वहीत लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.